ओरडून घसा बसतो, तरी वर्ग ऐकत नाही: काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: यंदा पहिल्यांदाच नववीची वर्गशिक्षिका झाले आहे. मुलं सतत बोलतात, मधल्या सुट्टीनंतर पाच-दहा मिनिटं उशिरा येतात, निम्म्यांचा गृहपाठ अपुरा असतो, बाकाखाली मोबाइल चालू असतो, आणि काही बोललं की उलट उत्तर येतं. त्यात दोन मुलं अशी की ती गैरहजर असली की वर्ग आपोआप शांत. ओरडून झालं, वर्गाबाहेर उभं करून झालं, डायरीत शेरे मारून झाले, पालकांना बोलावून झालं. आता आणखी कडक व्हायचं की प्रेमाने घ्यायचं?

कडक की प्रेमळ हा वाद स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं रंगतो आणि त्यातून कुणाच्या वर्गात काही बदलल्याचं मी पाहिलेलं नाही. तुम्ही केलेल्या उपायांची यादी पुन्हा एकदा वाचा. ओरडणं, बाहेर काढणं, शेरा, पालक. चारही गोष्टी गडबड होऊन गेल्यानंतरच्या आहेत. तुमचं काम त्याच्या आधी सुरू व्हायला हवं.

हे माझं एकटीचं मत नाही. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न घेऊन वर्ग तपासायला सुरुवात केली होती: कोणत्या प्रकारे दटावलं की मुलं ऐकतात? स्पष्ट शब्दांत, कठोर आवाजात, की समजावणीच्या सुरात? त्यांनी वर्गांचं चित्रीकरण केलं, शिक्षकांच्या दटावण्यांची वर्गवारी केली आणि १९७० साली निष्कर्ष मांडला तो असा की, शिक्षक कसा दटावतो यावरून वर्ग कसा वागेल याचा काहीच अंदाज लागत नाही. फरक पडत होता तो दटावण्याआधीच्या गोष्टींनी. वर्गात कुठे काय चाललंय हे शिक्षकाला कळतंय, असं मुलांना जाणवणं. एक काम संपवून दुसऱ्याकडे नेताना वर्ग अडखळू न देणं. एका मुलाशी बोलताना उरलेल्यांना रिकामं न ठेवणं. त्यांनी पाहिलेले वर्ग प्रामुख्याने लहान मुलांचे होते, पण माझ्या अनुभवात नववी-दहावीला हे जास्तच लागू पडतं.

तेव्हा तुमचा सुट्टीनंतरचा तास घेऊ. घंटा होते. तुम्ही आत येता, पुस्तकं टेबलावर ठेवता, हजेरीपट उघडता. खडू नाही म्हणून कुणीतरी शेजारच्या वर्गात जातं. "काल कुठपर्यंत आलो होतो?" असं तुम्ही विचारता, चौघं चार उत्तरं देतात. तेवढ्यात उशिरा येणारे दारात उभे राहून "आत येऊ?" विचारतात आणि प्रत्येकाला "कुठे होतास?" हे विचारून होतं. सात-आठ मिनिटं गेली. या वेळात बाकीच्या सगळ्या मुलांना करायला काहीही नव्हतं. ती बोलणारच. शिक्षकांच्या बैठकीत कधी मागच्या खुर्चीवर बसून पाहा, आपणही तेच करतो.

घंटेच्या आधी फळ्यावर काम लिहून ठेवा. कालच्याच धड्यावरचे तीन प्रश्न, वहीत उत्तरं, पाच मिनिटं. प्रश्न असे हवेत की मागच्या बाकावर बसणाऱ्यालाही त्यातले दोन यावेत. अवघड प्रश्न दिलात की निम्मा वर्ग पेन खाली ठेवणार आणि आपण पुन्हा होतो तिथेच. तुम्ही स्वतः दारात उभ्या राहा. येणाऱ्याला नावाने हाक मारा, फळ्याकडे बोट दाखवा. पाच मिनिटं झाली की तोंडी उत्तरं घ्या आणि थेट धड्याला लागा. हजेरी मुलं लिहीत असताना घ्यायची, मोठ्याने नावं न पुकारता. उशिरा येणाऱ्यासाठी दाराजवळ एक वही ठेवा: नाव, वेळ, सही, मग जागेवर. जाब तेव्हा विचारायचा नाही, कारण जाब विचारणं म्हणजे त्याला साऱ्या वर्गासमोर दोन मिनिटांचं व्यासपीठ देणं. विचारायचं ते तास संपल्यावर, वही हातात घेऊन. पहिले काही दिवस "मॅडम, हे लिहायचंय का?" असा प्रश्न येईल. तोंडी उत्तर नको, फळ्याकडे बोट पुरे. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न थांबतो. मात्र एखाद्या दिवशी फळा कोरा राहिला तर सगळं पहिल्यापासून, एवढं लक्षात असू द्या.

तासाच्या मध्येही अशी खिंडारं असतात. "पुस्तकं मिटा, प्रयोगवही काढा, जोड्या करा, आणि हो, उद्या चाचणी आहे." एका दमात चार सूचना. चौथी ऐकून अर्धा वर्ग "कशाची चाचणी?" म्हणून ओरडतो आणि प्रयोगवह्या दप्तरातच राहतात. एक सूचना द्या, ती पूर्ण होऊ द्या, मग दुसरी.

प्रश्न विचारून थांबण्याबद्दलही सांगते, कारण त्याचा शिस्तीशी संबंध आहे हे सहसा कुणाला वाटत नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबली, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली, आणि शिक्षकांना दटावावं लागण्याचे प्रसंगही कमी झाले. आधी प्रश्न, मग मनात तीन मोजणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले.

आता ती दोन मुलं.

त्यांच्याविषयी तुम्ही लिहिलंय "सतत त्रास देतात". सतत कुणीच त्रास देत नाही, तेवढी ताकद कुणात नसते. दोन आठवडे एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक प्रसंगाची एक ओळ लिहा: कोणता तास, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच आपण कधी भरत नाही. "उद्धट", "बेशिस्त", "टवाळ" असे शब्द त्या वहीत नकोत. "शेजारच्याचं पेन पळवलं, वर्ग हसला, मी त्याला बाहेर उभं केलं" एवढं पुरे.

अशा नोंदींत हमखास दिसणारा एक नमुना सांगते. मुलगा भाषेच्या तासाला गोंधळ घालतो, चित्रकलेच्या तासाला नाही. तोही तासाच्या सुरुवातीला नाही, तर प्रकट वाचन सुरू होऊन त्याच्या रांगेपर्यंत पाळी आली की. काहीतरी पाडतो, विचित्र आवाज काढतो. शिक्षिका चिडतात, त्याला बाहेर काढतात. शेवटचा रकाना वाचा: वाचावं लागलं नाही. नववीत येऊनही त्याला अडखळत वाचता येतं आणि ते वर्गासमोर उघड होण्यापेक्षा वात्रट म्हणवून घेणं त्याला परवडतं. त्याला बाहेर काढणं ही शिक्षा नव्हती, त्याला हवं होतं तेच त्याच्या हातात दिलं गेलं. इथे उपाय वाचनाचा आहे: उद्या कोणता परिच्छेद त्याच्या वाट्याला येणार हे आदल्या दिवशी त्याला एकट्याला सांगणं, छोटा परिच्छेद देणं, आणि शाळेत वाचनासाठी मदतीची सोय असेल तर तिकडे पाठवणं.

दुसऱ्याच्या बाबतीत शेवटच्या रकान्यात कदाचित "वर्ग हसला" हेच पुन्हा पुन्हा येईल. त्याला प्रेक्षक हवेत. इथे लक्ष न देणं उपयोगी पडतं, पण एक इशारा: लक्ष काढून घेतलं की वागणं आधी वाढतं, मग कमी होतं. लिफ्ट आली नाही की आपण बटण आणखी चार वेळा दाबतो, तसंच. बहुतेक शिक्षक नेमके त्या वाढीच्या टप्प्यावर हार मानतात आणि तिसऱ्या दिवशी ओरडतात. त्यातून मुलगा शिकतो की जास्त जोर लावला की लक्ष मिळतं. शिवाय नुसतं दुर्लक्ष अपुरं आहे, त्याला लक्ष मिळवायचा दुसरा रस्ता द्यावा लागतो. गटाची उत्तरं फळ्यावर लिहिणं, प्रयोगाचं साहित्य वाटणं, वाद घालायला एक बाजू देणं. अट एकच, हे त्याने आधी गडबड केली म्हणून "गप्प बसवायला" दिलेलं नसावं.

आणखी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी तपासा. फळ्यावरचं दिसतं का, आणि मागे ऐकू येतं का. मान वळवून सतत शेजाऱ्याला "काय लिहिलंय?" विचारणारा मुलगा बोलका असतोच असं नाही. शाळकरी वयात लांबचं दिसणं भराभर कमी होऊ शकतं आणि चष्मा लागलाय हे मुलाला स्वतःलाही कळत नाही.

दोघांशीही रोज दोन मिनिटं, सलग दहा शाळेचे दिवस बोला, पण अभ्यास आणि वागणूक हे दोन विषय वर्ज्य. सामना, सायकल, भटकं कुत्रं, काहीही. ही युक्ती जुनी आहे आणि शिक्षकांना ऐकायला भाबडी वाटते. मलाही ती जादू वाटत नाही. पण अकराव्या दिवशी तुम्ही त्याला "खाली बस" म्हणता तेव्हा ते एका ओळखीच्या माणसाने म्हटलेलं असतं.

उलट उत्तरांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त जिव्हारी लागतं ते हेच. प्रसंग असा असतो:

"वही काढ."
"मलाच का? तो पण लिहीत नाहीये."
"उलट बोलू नकोस. घरी हेच शिकवतात का?"

इथे तास संपला. "घरी" म्हटल्यावर तो माघार घेऊ शकत नाही, मित्र बघतायत. या वयाच्या मुलांना मित्रांची नजर किती महागात पडते यावर गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा २००५ सालचा एक प्रयोग आहे. गाडी चालवण्याच्या संगणकखेळात सोबतीला समवयस्क असले की किशोरवयीन मुलांनी एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांच्या बाबतीत सोबत असण्या-नसण्याने विशेष फरक पडला नाही. तुमच्या वर्गातल्या मुलाला एकट्याला गाठलं तर तो वेगळाच मुलगा असतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. मग साऱ्या वर्गासमोर त्याच्याशी सामना खेळायचाच कशाला?

त्याऐवजी बाकापाशी जा, आवाज खाली आणा. "मलाच का?" याला उत्तर: "असेल. आत्ता तुझी वही, दुसरा प्रश्न." आणि लगेच वळून पुढच्या बाकाकडे जा. तिथेच उभं राहून तो वही काढतो का हे बघत बसू नका. तुमची पाठ वळली की त्याला मान न घालवता वही काढता येते. काढताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटेल, चिडून वही आपटेलही. ते सोडून द्या. आपल्याला वही हवी होती, ती निघाली. पुटपुटण्याचा मुद्दा हवाच असेल तर तास संपल्यावर, दोघंच असताना. आणि तो खरंच अन्याय दाखवत असेल, म्हणजे शेजारचाही लिहीत नसेल, तर पुढच्या मिनिटात शेजाऱ्यालाही तितक्याच शांतपणे सांगा. मुलं हा हिशोब फार बारकाईने ठेवतात.

नियम आणि शिक्षा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: परिणाम छोटा असावा, पण चुकू नये. गृहपाठ नसेल तर सोमवारी ओरडा, मंगळवारी दुर्लक्ष, बुधवारी पालकांना चिठ्ठी, असं चाललं तर तो मुलांसाठी जुगार होतो, आणि जुगार खेळायला त्यांना आवडतं. गृहपाठ नाही तर मधल्या सुट्टीतली पहिली दहा मिनिटं वर्गात बसून तो सुरू करायचा. प्रत्येक वेळी, हुशार मुलीनेही, चेहऱ्यावर राग न आणता. डबा आणि पाण्यासाठी उरलेली सुट्टी राहिलीच पाहिजे. तुम्हाला दहा मिनिटं रोज थांबणं जमणार नसेल तर हा नियम करूच नका, जमेल तो करा. शंभर वेळा वाक्य लिहायला लावणं, एकासाठी साऱ्या वर्गाला बसवणं, टोमणे मारणं हे बंद. साऱ्या वर्गाला शिक्षा केली की निर्दोष मुलं तुमच्या विरोधात जातात आणि ज्याने केलं तो नायक होतो. मारण्याबद्दल तर प्रश्नच नाही. मार खाऊन मूल फक्त तुमच्या नजरेसमोर गप्प बसायला शिकतं.

गृहपाठाचं आणखी एक. अपुरा गृहपाठ निम्म्या वर्गाचा असेल तर तो शिस्तीचा प्रश्न नाहीच, गृहपाठाचा आहे. तास संपायच्या आठ मिनिटं आधी पहिला प्रश्न वर्गातच सुरू करायला लावा आणि फेरी मारा. ज्यांना समजलेलंच नाही ते तिथेच सापडतील.

मोबाइलचा नियम एकट्या शिक्षिकेने करून टिकत नाही, तो शाळेचा असावा लागतो. पर्यवेक्षकांकडे तोच आग्रह धरा. तोवर तुमच्या तासापुरतं: "दप्तरात ठेवतोस की माझ्या टेबलावर? तू ठरव." हातातून हिसकावू नका, आणि घेतलाच तर उघडून त्यातलं वाचू नका. वाचलंत तर विषय मोबाइलचा राहत नाही.

सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारी आणि उशिरा येणारी मुलं ही वेगळी जात आहे, त्यांना सुट्टीनंतर रेंगाळणाऱ्यांत मिसळू नका. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली म्हणूनच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं. शाळेची वेळ तुमच्या हातात नाही, पण पहिल्या तासाला सलग व्याख्यान न देता मुलांना फळ्यापाशी, जोडीने, हात चालवायला लावणं हातात आहे. रात्री फोन कुठे असतो, हा पालकांशी बोलायचा विषय आहे.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नसावा. त्या दोन मुलांच्या घरी याच आठवड्यात फोन करा आणि खरी, छोटी, चांगली गोष्ट सांगा: "आज त्याने प्रयोगाचं साहित्य न सांगता आवरून ठेवलं." समोरून आधी शांतता येईल, मग "बाकी काही?" असा संशय. "नाही, एवढंच." पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर तीच माणसं ऐकून घेतील. तेव्हाही विशेषणं नकोत, वहीतली ओळ वाचून दाखवा आणि "घरी असं कधी होतं?" हे विचारा. मुलाची माहिती त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असते. मुलाच्या देखत शेजारीपाजारी बसवून पंचायत भरवू नका.

यातलं काहीही जिथे लावायचं नाही अशी दोन ठिकाणं आहेत. एक, सतत एकालाच लक्ष्य करून चिडवणं, मारणं, गटातून तोडणं, फोटो फिरवणं. याला भांडण समजून दोघांना समोरासमोर उभं करून "हात मिळवा" म्हणू नका. ज्याला त्रास होतोय त्याच्यासाठी ते आणखी धोक्याचं ठरतं. त्याच्याशी आणि त्रास देणाऱ्याशी वेगवेगळं बोला, लेखी नोंद करा, मुख्याध्यापकांना सांगा. दोन, मूल अचानक बदलणं. बोलकं मूल गप्प होणं, गुण एकदम घसरणं, जखमा झाकणं, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसले तर बरं" असं बोलणं. हे शिस्तीच्या वहीत लिहायचं नाही. त्याच दिवशी समुपदेशकाकडे आणि मुख्याध्यापकांकडे जायचं. मूल "कुणाला सांगू नका" म्हणालं तरी, आणि आपण हे सांगणार आहोत हे त्याला आधी सांगूनच.

हे सगळं एकदम सुरू करू नका. फक्त सुट्टीनंतरचा तास धरा, फळ्यावरचं काम आणि उशिराची वही एवढंच तीन आठवडे चालवा, सोबत त्या दोघांच्या नोंदी. दुसऱ्या शिक्षकांना तुमच्या वर्गात काय चालतं तेही विचारा, पण "तो कसा वागतो?" असं नाही, तर "तो कोणत्या तासाला नीट वागतो?" असं. एखादं नाव निघेलच. मग परवानगी घेऊन त्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा आणि पहिली दहा मिनिटं ते शिक्षक नेमकं काय करतात ते उतरवून आणा.